आकार आणि आर्द्रता

अॅल्युमिना ज्या गुणांसाठी विकत घेतली जाते, त्याच गुणांमुळे तिला आकार देणे दुष्कर होऊन बसते. कुरुंदाच्या जातीचा हा पदार्थ. कठिनतेच्या मोजमापात हिऱ्याच्या लगतच खालचा, सुमारे २,०५० अंश सेल्सियसला वितळणारा, बहुतेक आम्लांना दाद न देणारा, आणि म्हणूनच जेथे पोलाद झिजते वा गंजते तेथे त्याच्या जागी बसवावा असा. परंतु पोलादाची ओबडधोबड वस्तू ओतून नंतर ती लेथवर वा मिलिंग मशीनवर हवी तशी कोरून काढण्याची जी मुभा यंत्रशाळेतल्या माणसाला असते ती येथे नाही. एकदा भट्टीतून निघालेल्या अॅल्युमिनाला केवळ हिऱ्याचे चाक लागू पडते, तेही फार सावकाश, आणि वक्र पोकळीच्या आत तर ते चाक पोहोचतच नाही. तेव्हा जो काही आकार द्यायचा तो वस्तू कठीण होण्यापूर्वी, ती भुकटी असताना किंवा भुकटीचा घोळ असताना द्यावा लागतो, आणि पुढे तो शेवटपर्यंत सांभाळावा लागतो. माझ्या नोकरीची उत्तरार्धातील वर्षे मुख्यतः या एकाच कामात गेली. आकार देण्याचे कौशल्य साच्यात असते अशी जी सर्वसाधारण समजूत आहे आणि जी दीर्घकाळ माझीही होती, ती या कामाने पार बदलून टाकली. म्हणून त्या कामाची हकीकत येथे थोड्या विस्ताराने नोंदवीत आहे.

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतील आमचा कारखाना मोठा नव्हता. सूतगिरण्यांना लागणारी धाग्याची कडी, तापमापकांवर चढवायच्या नळ्या, पंपांच्या सीलमध्ये बसणाऱ्या चकत्या असा साधा, सरळ रेषांचा माल आम्ही करीत असू, आणि भुकटी पोलादी साच्यात भरून दाबणे एवढ्यावर त्यातील बहुतेकांचे भागत असे. अशा स्थितीत एका रासायनिक कारखान्याकडून बंद इम्पेलरची मागणी आली. त्यांच्या पंपातून जाणारे आम्ल आणि त्या आम्लात तरंगणारी कठीण भुकटी ही दोन्ही मिळून धातूच्या इम्पेलरचा वारंवार फडशा पाडीत आणि दर खेपेस सारे उत्पादन थांबवावे लागे, अशी कैफियत त्यांच्या अभियंत्याने पत्रात तपशीलवार मांडली होती. बंद इम्पेलर म्हणजे समोरासमोरच्या दोन चकत्या, आणि त्यांच्या मधल्या पोकळीत मध्यापासून परिघाकडे वळत जाणारी पाती. त्या पात्यांमधल्या वाटा अशा वळणाच्या की परिघाकडून डोकावून पाहिले तर दृष्टी मध्यापर्यंत सरळ पोहोचत नाही.

दाबयंत्राचा येथे उपयोग नव्हता, कारण साच्यातून सरळ वर उचलून काढता येईल असा तो आकारच नव्हे. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या साच्यात घोळ ओतण्याची जुनी रीत, जिच्यावर चिनी मातीच्या भांड्यांचा मोठा उद्योग उभा आहे, ती प्लास्टरच्या पाणी शोषण्याच्या शक्तीवर चालते. साच्याच्या भिंतीशी थर आधी जमतो, आतला नंतर, आणि जाडी वाढत जाईल तसा जमण्याचा वेग मंदावत जातो, त्यामुळे जाड-पातळ भागांची एकच वस्तू करावयाची झाल्यास तिच्या निरनिराळ्या भागांची घनता निरनिराळी होते आणि भट्टीत ते भाग निरनिराळ्या प्रमाणात आक्रसतात. मेण वा प्लास्टिक मिसळलेली भुकटी तापवून दाबाखाली साच्यात घुसवण्याची पद्धत आकाराच्या दृष्टीने समर्थ खरी. पण तिच्यात वजनाने पंधरा ते वीस टक्के सेंद्रिय द्रव्य वस्तूत राहते, ते जाळून काढताना जाड भागांना फोड आणि तडे येतात, आणि तिला लागणाऱ्या पोलादी साच्याचा खर्च थोड्या नगांच्या मागणीला सोसण्यासारखा नसतो.

उरला तो जेलचा मार्ग. दुसऱ्या महायुद्धातील अणुबाँबच्या गुप्त योजनेतून जन्मलेली अमेरिकेच्या टेनेसी राज्यातील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळा पुढे अनेक शांततेच्या विद्यांकडे वळली, आणि तेथेच मार्क जॅनी, ओग्बेमी ओमाटेटे व त्यांच्या सहकाऱ्यांनी गेल्या शतकाच्या नवव्या दशकात ही पद्धत सिद्ध केली. १९९० साली जॅनी यांना तिचे पेटंट मिळाले आणि १९९१ साली अमेरिकन सिरॅमिक सोसायटीच्या बुलेटिनात तिचे सविस्तर विवेचन प्रसिद्ध झाले. उष्ण वायूवर चालणाऱ्या टर्बाइनची सिलिकॉन नायट्राइडची चक्रे घडवता यावीत, हा त्या काळी अशा संशोधनामागचा एक मोठा हेतू होता. म्हणजे आमच्या इम्पेलरचाच अधिक उग्र अग्नीत फिरणारा भाऊबंद. कल्पना सांगायला अगदी थोडकी आहे. भुकटीतले पाणी काढून घेऊन तिला घट्ट करण्याऐवजी, त्या पाण्यातच अशी द्रव्ये विरघळवून ठेवायची की ती ओतणीनंतर एकमेकांशी जोडली जाऊन दीर्घ साखळ्यांचे जाळे बनवतील आणि प्रत्येक कण जेथे असेल तेथेच त्याला धरून ठेवतील. पाणी कोठे जात नाही, कण हलत नाहीत, आणि म्हणून जाड भाग व पातळ भाग यांची घनता जवळजवळ एकच राहते. कोरड्या झालेल्या वस्तूत हे सेंद्रिय जाळे वजनाने अवघे तीन-चार टक्के असते, ही तिची दुसरी थोरवी.

कल्पना थोडकी असली तरी तिचा पहिलाच अंक, म्हणजे घोळ, हा सारी विद्या पणाला लावणारा आहे. घोळात घनपदार्थाचे प्रमाण जितके अधिक तितके पुढचे आकुंचन कमी. पण प्रमाण वाढवीत गेले की श्यानता एकाएकी चढते आणि घोळाचा लगदा होतो. आकारमानाने ५५ टक्के अॅल्युमिना आणि उरलेले द्रावण, हे आम्ही ठरवलेले प्रमाण होते, आणि अॅल्युमिनाच्या घनतेचा हिशेब केला तर याचा अर्थ शंभर ग्रॅम घोळात ऐंशी ग्रॅमहून अधिक कोरडी भुकटी असा होतो. एवढी भुकटी पोटात घेऊन तो घोळ पातळ पात्यांच्या फटीत सहज वाहावा, हे ज्याने प्रत्यक्ष पाहिले नाही त्याला खरे वाटणार नाही. हे साधते ते अमोनियम पॉलिअॅक्रिलेटसारख्या एका द्रव्यामुळे, जे भुकटीच्या वजनाच्या एका टक्क्याहूनही कमी प्रमाणात घातले असता अर्ध्या मायक्रॉनच्या प्रत्येक कणाला वेढून त्यावर ऋण विद्युत्भार चढवते, आणि मग सारे कण एकमेकांना दूर सारीत पाण्यात स्वतंत्र राहतात. ते कमी पडले तर कण गुठळ्या करतात. अधिक झाले तर जादा साखळ्या आणि त्यांचे क्षार द्रावणात मोकळे राहून पुन्हा श्यानताच वाढवतात. रसायनशास्त्राची पदवी घेऊन नुकत्याच आमच्याकडे रुजू झालेल्या एका सहकारी मुलीने या एका द्रव्याच्या मात्रेचा आलेख इतक्या निष्ठेने काढला होता की पुढे भुकटीची नवी खेप आली की त्या आलेखाशी तिची रुजवात केल्यावाचून एकही ओतणी आम्ही केली नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी परिसराचे बॉक्साइट बेळगावच्या कारखान्यात जाऊन त्याची अॅल्युमिना होते. आमची भुकटी तिकडूनच येत असे, आणि तिच्यातल्या सोड्याचा अंश थोडासा इकडेतिकडे झाला तरी श्यानतेच्या मापनात तो लगेच प्रकट होत असे.

घनपदार्थाचे प्रमाण खेपेगणिक तंतोतंत तेच राखण्यावर मी जो कटाक्ष ठेवीत असे, त्याचे कारण आमचे फरमे करणारे अण्णा यांच्याशी झालेल्या एका बोलण्यात आहे. शिरोलीच्या फाउंड्रीत लाकडी फरमे करण्यात त्यांचे आयुष्य गेले होते, आणि हात इतका सिद्ध की नकाशावरून डोळा उचलण्यापूर्वीच त्यांना लाकूड किती लागेल ते कळे. मी आकुंचनाचा आकडा सांगितला तेव्हा ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "साहेब, बिडात शंभराला एक सुटते. तुमच्या या मालात शंभराला अठरा म्हणता, मग फरमा करायचा तो कोणत्या भरवशावर?" प्रश्न अगदी रास्त होता. ओल्या जेलपासून पक्क्या वस्तूपर्यंत लांबीत साडेसतरा ते अठरा टक्के घट होते. दोन-तीन टक्के वाळताना, उरलेली भट्टीत. हा आकडा मोठा आहे याचे भय नाही, तो प्रत्येक वेळी तोच असला म्हणजे पुरे. आणि तो तोच राहावा यासाठी घोळातले प्रमाण तेच राहावे लागते. ५५ ऐवजी ५४ टक्के झाले, तर दहा सेंटिमीटर व्यासाच्या चकतीत अर्ध्या मिलिमीटरहून अधिक फरक पडतो, आणि पंपाच्या कवचात तेवढी ढिलाई चालत नाही. हे गणित मी अण्णांना कागदावर करून दाखवले. त्यांनी तो कागद आपल्या पेटीत ठेवला आणि नवी मोजपट्टी स्वतःच्या हाताने आखून घेतली. तिच्यावरचा सेंटिमीटर, आक्रसल्यावर खरा सेंटिमीटर उरावा, इतका मोठा होता.

आता या पद्धतीतल्या अशा एका गोष्टीविषयी, जिच्याबद्दल मला आजही तीव्रतेने बोलावेसे वाटते. ओक रिजच्या मूळ कृतीत जाळे विणणारे द्रव्य होते अॅक्रिलामाइड. ते स्वस्त, ते शीघ्र, त्याचे जेल बळकट. परंतु ते मज्जातंतूंना घातक आहे, त्वचेतून शरीरात शिरते, आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ साली त्याची गणना मानवात बहुधा कर्क उत्पन्न करणाऱ्या द्रव्यांत केली. एकदा त्याचे संपूर्ण जाळे झाले म्हणजे ते निरुपद्रवी होते हे खरे. पण तोलताना, विरघळवताना, ओतताना आणि सर्वांत अधिक म्हणजे सांडलेले पुसताना ते निरुपद्रवी नसते. पद्धतीच्या जनकांनीच पुढे अॅक्रिलामाइड सोडून मेथॅक्रिलामाइडसारख्या अल्पविषारी द्रव्यांची योजना केली. ती महाग, काहीशी मंद, आणि जेलही थोडे नरम. कारखान्यात यावर मोठी मसलत झाली. हातमोजे आणि मुखपट्ट्या दिल्या म्हणजे मूळ द्रव्य वापरण्यास हरकत काय, असा एक पक्ष होता. माझे म्हणणे असे होते की प्रयोगशाळेतला शिकलेला माणूस हातमोजे घालील. पण सायंकाळी चंचुपात्रे घासणाऱ्या मावशींच्या हाती ज्या पात्राच्या तळाशी न जमलेले द्रावण राहिले आहे ते जाईल, आणि बाटलीवरची इंग्रजी सूचना त्यांच्यासाठी लिहिलेलीच नाही. ज्याच्या नावाचा उल्लेख कोणत्याही अहवालात होत नाही अशा माणसाच्या शरीरावर जी बचत बसवली जाते तिला बचत म्हणू नये, असे मी त्या बैठकीत म्हटले आणि आजही माझे तेच मत आहे. मालकांनी माझी तजवीज मंजूर केली, मेथॅक्रिलामाइड आले, आणि पात्रे धुण्यापूर्वी उरलेल्या द्रावणाचे जेल करूनच ते टाकून द्यावे असा लेखी हुकूम भिंतीवर मराठीत लागला.

जेल जमण्याच्या क्रियेला ऋतू कळतात. अमोनियम पर्सल्फेट हा आरंभक आणि टेमेड हा उत्प्रेरक घोळात मिसळल्यावर काही मिनिटे काहीच घडत नाही; मग घोळाचे तापमान चढू लागते, आणि तो चढ म्हणजे साखळ्या जोडल्या जात असल्याची खूण. त्या शांत मिनिटांतच निर्वाताखाली बुडबुडे काढून घोळ साच्यात ओतून व्हावा लागतो. डिसेंबरातल्या सकाळी ज्या मात्रेने निवांत ओतणी होई, त्याच मात्रेने एप्रिलच्या दुपारी घोळ पात्रातच घट्ट होऊ पाही. म्हणून उन्हाळ्यात पात्राभोवती बर्फ ठेवून आणि आरंभकाची मात्रा उतरवून आम्ही ऋतूशी जुळवून घेत असू. दुसरा शत्रू हवेतला प्राणवायू. तो साखळीची वाढ खुंटवतो, त्यामुळे हवेशी लागलेला पृष्ठभाग चिकट राहतो आणि वाळल्यावर त्याचे पापुद्रे निघतात. त्यावर उपाय म्हणजे साच्यावर नत्रवायूचे आच्छादन. या दोन्ही गोष्टींचा बंदोबस्त झाला की साच्यातून निघणारी वस्तू पाहून मनाला खरोखर आनंद होई: हातात उचलता येण्याइतकी घट्ट, बोटाने दाबली असता किंचित लवणारी, आणि साच्यावरची ओझरती रेघसुद्धा जशीच्या तशी अंगावर उमटवून घेतलेली.

पात्यांमधल्या पोकळीसाठी मेणाचा गाभा लागला. मेणाची आकृती करून ती वितळवून काढण्याची युक्ती आपल्याकडे नवी नाही. कल्याणीच्या चालुक्य नृपती सोमेश्वर तिसरा याच्या नावावर असलेल्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' या ग्रंथात मूर्ती ओतण्याच्या प्रकरणात तिचे वर्णन आहे. तेथे मेणाच्या जागी धातू येतो. येथे मेणाच्या जागी काहीच यायचे नाही, मोकळी वाट तेवढी राहायची. अण्णांनी हे गाभे अॅल्युमिनियमच्या तुकड्यातुकड्यांच्या साच्यात ओतले आणि पाती जेथे मध्याला मिळतात त्या सांध्यावर हाताने गोलाई दिली. अडचण उभी राहिली ती मेण केव्हा काढावे याविषयी. वस्तू वाळेपर्यंत गाभा आत ठेवला, तर जेल दोन-तीन टक्के आक्रसू पाहते आणि आतले मेण तसूभरही हलत नाही. पहिल्या काही नमुन्यांची पाती याच कारणाने मुळाशी उलली. म्हणून मेण ओल्या अवस्थेतच काढणे प्राप्त होते. मेथॅक्रिलामाइडचे जाळे रासायनिक बंधांनी विणलेले असल्यामुळे उष्णतेने ते पुन्हा वितळत नाही, आणि येथे तो गुण कामी आला. समुद्रशैवालापासून काढलेल्या अॅगरोजचे जेल वापरले असते, जे तापवले असता विरघळते, तर गाभ्याबरोबर वस्तूही गेली असती. वाफेने भरलेल्या कोठीत इम्पेलर उभा ठेवला की मेणाचा बाहेरचा पापुद्रा आधी वितळून वाट करून देई, आणि फुगू पाहणाऱ्या उरलेल्या मेणाला त्या वाटेने ओघळून जाता येई.

येथवर आलेल्या माणसाला वाटते की वस्तू झाली. मलाही प्रथम तसेच वाटले असते, जर त्या वस्तूत आकारमानाने जवळजवळ निम्मे पाणी अद्याप आहे याची जाणीव ओक रिजच्या लेखांनी आधीच दिलेली नसती. या पाण्याचे जाणे दोन टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात पृष्ठभागावरून जितके पाणी उडते तितके कण परस्परांच्या जवळ सरकतात आणि वस्तू आक्रसते. कण एकमेकांना भिडले की आकुंचन थांबते, आणि त्यापुढचे पाणी कणांमधल्या रंध्रांतून निघून जाते, त्याने आकार बदलत नाही. सारा धोका पहिल्या टप्प्याचा. गच्चीवर टाकलेला पापड ज्या अंगाने आधी सुकतो त्या अंगाकडे वळतो, हे सर्वांनी पाहिलेले आहे. इम्पेलरच्या पात्याची कड अशीच आधी सुकते, आक्रसू पाहते, पण तिचे मूळ जाड मध्यभागात रुतलेले आणि तो मध्यभाग अद्याप ओला व फुगलेला असतो. पापडाला वळण्याची मोकळीक आहे, पात्याला ती नाही. म्हणून ते तडकते.

तेव्हा पहिला टप्पा इतका मंद करावयाचा की वस्तूचा जाड भाग आणि पातळ भाग यांच्या ओलाव्यात मोठा भेद पडूच नये, आणि त्यासाठी हवेची आर्द्रता नव्वद टक्क्यांहून वर राखायची. असे नियंत्रण करणाऱ्या यंत्रकोठीची किंमत ऐकून आम्ही जुन्या रसायनशास्त्राचा आश्रय घेतला. बंद पेटीत एखाद्या क्षाराचे संपृक्त द्रावण ठेवले असता आतील हवेची आर्द्रता त्या क्षाराला अनुरूप अशा आकड्यावर स्थिर होते: पोटॅशियम सल्फेटला सुमारे ९७ टक्के, पोटॅशियम क्लोराइडला सुमारे ८४, आणि स्वयंपाकघरातल्या मिठाला ७५. काचेचे झाकण असलेल्या तीन पेट्या आम्ही करवून घेतल्या आणि इम्पेलर एकीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत असा वजनाच्या नोंदीप्रमाणे पुढे नेत गेलो. या वजनाच्या नोंदवहीला मी त्या साऱ्या कामातला सर्वांत महत्त्वाचा दस्तऐवज मानतो. वजन उतरण्याचा वेग आणि व्यास उतरण्याचा वेग शेजारी मांडले की ज्या दिवशी व्यास थांबतो आणि वजन मात्र उतरतच राहते तो दिवस स्पष्ट दिसतो. त्यानंतर घाई केली तरी चालते, त्यापूर्वी केलेली घाई कोणत्याही उपायाने भरून निघत नाही. ओतणीचे काम मोठ्या हौसेने करणाऱ्या तरुण कामगारांना वजन लिहून घेण्याचे काम कंटाळवाणे वाटे, आणि त्यात त्यांचा दोष नव्हता. पण साच्याने दिलेला आकार खरोखर कोणाच्या हाती टिकतो असे मला कोणी विचारले असते, तर मी रात्रपाळीत उठून तराजूवर इम्पेलर ठेवणाऱ्या माणसाकडे बोट दाखवले असते.

एवढे करूनही बंद इम्पेलरची एक खोड राहिली. त्याच्या आतल्या वाटांमधली हवा हलत नाही. ती ओलीच राहते आणि बाहेरच्या चकत्या मात्र पेटीतल्या हवेशी संबंध ठेवून वाळत जातात. पंखा लावावा तर बाहेरची बाजू आणखी पुढे जाते. यावर इतरत्र प्रसिद्ध झालेली एक युक्ती आम्ही योजली: साच्यातून काढलेले जेल पॉलिएथिलीन ग्लायकॉलच्या गाढ द्रावणात काही तास बुडवून ठेवायचे. त्या द्रावणाला पाण्याची ओढ असते. जेलमधले पाणी परासरणाने बाहेर येते, आणि द्रव असल्यामुळे ते द्रावण जितके बाहेरून भिडते तितकेच आतल्या वाटांतही भिडते. अशा रीतीने पहिल्या टप्प्यातले बरेचसे पाणी सर्व अंगांनी सारखे निघून गेले, की उरलेले काम पेट्यांवर निर्धास्तपणे सोपवता येई. पावसाळ्यातल्या ज्या ओल्या हवेमुळे कारखान्यातील दाबयंत्रवाले हैराण होत, कारण त्यांची भुकटी साच्याला चिकटे, तीच हवा आमच्या विभागाला मानवत असे. जुलै-ऑगस्टात वाळवलेल्या नगांना पेटी उघडतानाचा धक्कासुद्धा बसत नसे.

वाळलेला इम्पेलर इतका बळकट असतो की त्याचे मधले भोक लेथवर कार्बाइडच्या हत्याराने हव्या त्या मापाचे करून घेता येते, आणि ही सोय पुढच्या हिऱ्याच्या चाकाचे किती काम वाचवते ते यंत्रशाळेतला माणूसच जाणे. त्यानंतर तापमान मिनिटाला एक अंशाहूनही मंद गतीने चढवीत ६०० अंशांपर्यंत न्यायचे, म्हणजे ते तीन-चार टक्के जाळे जळून जाते. आणि मग १,६०० अंशांवर दोन तास, ज्यात कण वितळल्याशिवाय एकमेकांत मिसळतात आणि मधली रंध्रे मिटत जातात. भुकटीत मिसळलेला मॅग्नेशियाचा अत्यल्प अंश येथे फार मोलाचा ठरतो. स्फटिकांची बेफाम वाढ त्याने आवरली जाते, हे रॉबर्ट कोबल यांनी जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत गेल्या शतकाच्या सहाव्या दशकात दाखवले आणि त्यातूनच प्रकाश आरपार जाऊ देणारी अॅल्युमिना जन्माला आली. भट्टीविषयी मला अधिक लिहावेसे वाटत नाही. तिच्यात जे काही बिघडलेले दिसते ते बहुधा तिच्या आधी बिघडलेले असते. घोळातला बुडबुडा, पात्याच्या मुळाशी पडलेली केसाएवढी चीर, यांना भट्टी फक्त उघड करते.

बाहेर आलेला नग आम्ही फुक्सिनच्या लाल द्रावणात बुडवून धुऊन पाहत असू. कोठे चीर वा रंध्र असेल तर पांढऱ्या अंगावर लाल रेघ राहते. घनता पाण्यात तोलून काढायची, व्यास आणि तोल तपासायचा, आणि मग पेटीत भरून रवाना करायचा. त्या रासायनिक कारखान्यातून पुढे जेव्हा इम्पेलरची दुसरी खेप मागवण्यात आली तेव्हा ती आधीचे झिजले म्हणून नव्हे, तर उरलेल्या पंपांनाही तेच बसवायचे म्हणून आली, आणि ते पत्र अण्णांनी दोनदा वाचून घेतले.

यानंतर ही पद्धत सर्वांवरचा उपाय आहे अशी आमच्या विक्री विभागाची समजूत झाली, आणि एका कापडगिरणीसाठी मनगटाहून जाड असे भरीव रूळ जेलने करून देण्याचा करार जवळजवळ ठरला. मी त्याला विरोध केला. पाण्याला वस्तूच्या मध्यापासून पृष्ठभागापर्यंत यायला लागणारा काळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. जाडी दुप्पट झाली की वाळण्याचा काळ चौपट, आणि तितका काळ आतल्या-बाहेरच्या ओलाव्याचा भेद सांभाळीत बसावे लागते. शिवाय रूळ हा सरळ, साधा आकार. रबरी पिशवीत भुकटी भरून सर्व बाजूंनी तेलाचा दाब देण्याची रीत त्याला अधिक सोईची, अधिक स्वस्त आणि अधिक भरवशाची. विक्री विभागाच्या मंडळींना हे प्रथम रुचले नाही, कारण नव्या पद्धतीचे नाव घेऊनच ते गिऱ्हाइकाकडे गेले होते. मी वजनाच्या नोंदवह्या त्यांच्यापुढे मांडल्या, पातळ पात्यांचे आणि जाड मध्यभागाचे वक्र दाखवले, आणि रुळाच्या जाडीला तो वक्र कोठवर जाईल याचा हिशेब करून दिला. रूळ दाबूनच झाले, आणि आमच्या तीनही पेट्या पुढच्या इम्पेलरसाठी मोकळ्या राहिल्या.